काठिण्यपातळी कोणाच्या हाती?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. अकरावीचे प्रात्यक्षिक संपले, मुले व्हर्नियर कॅलिपर परत करून निघून गेली, पण एक विद्यार्थी टेबलापाशीच घुटमळत राहिला. दोन वर्षांपूर्वीच्या अपघातात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे अधू झाली आहेत. स्क्रू गेज फिरवायला त्याला इतरांपेक्षा वेळ लागतो, वाचन मात्र तो अचूक घेतो.

"सर, एक विचारू का? अभ्यासातलं नाहीये."

"अरे, विचार की."

"मी कॉम्प्युटरवर स्कायरिम खेळतो. सहा महिने लागले, पण मुख्य कथा पूर्ण केली. मुलं म्हणतात, तू नॉव्हिसवर खेळलास, ते धरायचं नाही. ही फसवणूक असते का हो, सर?"

मी प्रथम हसलो. नंतर त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आवरले. उत्तर त्या दिवशी मला नीट देता आले नाही. पुढे विचार करता असे दिसले की त्याचा प्रश्न खेळाचा कमी आणि मोजमापाचा अधिक आहे. आणि मोजमाप हा तर आम्हा भौतिकशास्त्रवाल्यांचा धंदा!

ज्यांनी असे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी, विशेषतः शिक्षकवर्गासाठी, थोडी पूर्वपीठिका सांगतो. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली मित्रमंडळी एवढेच साहित्य. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे (कोणी योद्धा, कोणी जादूगार) आणि एकाने सूत्रधार व्हायचे. राक्षस कुठे आहे, तो किती बलवान आहे, फासा पडल्यावर काय झाले, हे सूत्रधार सांगणार. राक्षस मारले, खजिना मिळवला की पात्राला अनुभवाचे गुण मिळतात. ठराविक गुण साठले की पात्र एक पातळी वर चढते आणि अधिक बलवान होते. आजच्या संगणकीय साहसखेळांतील 'लेव्हल' ती हीच.

ही पातळी सेंटिमीटरसारखी समान लांबीची नसते, हे प्रथमच ध्यानात घ्या. पोकेमॉन हा 1996 साली जपानमध्ये निघालेला खेळ तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यातील बऱ्याच प्राण्यांच्या बाबतीत पातळी n गाठण्यास एकूण n चा घन एवढे अनुभवगुण लागतात. म्हणजे शंभराव्या पातळीसाठी 10,00,000 आणि पन्नासाव्यासाठी 1,25,000. पन्नासावी पातळी गाठलेला मुलगा 'अर्धे झाले' म्हणून खूश होतो, प्रत्यक्षात त्याने एक अष्टमांश वाट चाललेली असते! दहावरून अकराव्या पातळीवर जायला 331 गुण पुरतात. नव्याण्णववरून शंभरावर जायला 29,701 लागतात. वर्गात घनाचा आलेख शिकवताना मी हेच उदाहरण घेतो, आणि त्या दिवशी मागच्या बाकावरची मुलेही वहीत आलेख काढताना दिसतात.

आता पात्राची पातळी वाढली, पण समोरच्या जगाचे काय? जुन्या खेळांत याचे उत्तर सरळ होते. तळघर जितके खोल, तितके राक्षस भयंकर. पायऱ्यांच्या विहिरीत कोणी किती पायऱ्या उतरायचे हे ज्याचे त्याने ठरवावे, तसा हा प्रकार. शिवाय सूत्रधार समोर बसलेला असे. मुले कंटाळली तर तो एखादा राक्षस जास्त सोडी, रडकुंडीला आली तर एखादा पळवून लावी. चांगला शिक्षकही वर्गात हेच करतो. संगणक आला आणि हा चेहरे वाचणारा माणूस गेला. त्याची जागा कशाने भरायची, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांना तेव्हापासून छळतो आहे.

2006 साली अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' हा खेळ काढला. मी त्या सुमारास एम.एस्सी. करीत होतो आणि वसतिगृहातील एका मित्राच्या संगणकावर आम्ही चौघे पाळीपाळीने तो खेळत असू. त्यातील योजना वरवर पाहता सुंदर होती: खेळाडू कोठेही जावो, तेथील शत्रू त्याच्या पातळीला साजेसा असेल. म्हणजे कोणतीही दिशा बंद नाही, कोणतीही लढाई पोरखेळ नाही. प्रत्यक्षात काय झाले? आम्ही पातळ्या चढत गेलो, उत्तम तलवारी मिळवल्या, आणि रस्त्यावरच्या दरोडेखोरांच्या अंगावरही काच नावाचे दुर्मिळ, महागडे चिलखत दिसू लागले. असले चिलखत घालून तो इसम वाट अडवून शंभर मोहरांची खंडणी मागे! आमच्यातला एकजण म्हणाला, "अरे, हा ते चिलखत विकून घरी का बसत नाही?"

विनोद सोडून द्या. खरी अडचण अधिक खोल होती आणि ती आकडेमोड केल्यावरच दिसते. ऑब्लिव्हियनमध्ये तुम्ही सुरुवातीला सात प्रमुख कौशल्ये निवडता. ती वापरली की वाढतात. त्यांत मिळून दहा वाढी झाल्या आणि पात्र बिछान्यावर झोपले की पातळी एकाने वाढते. त्या वेळी शक्ती, चिवटपणा, बुद्धी अशा गुणांपैकी तीन निवडून वाढवायचे. गुण किती वाढणार, हे त्या गुणाशी संबंधित कौशल्ये मधल्या काळात किती वाढली यावर अवलंबून: एक ते चार वाढी झाल्या तर 2, दहा किंवा अधिक झाल्या तर 5. समजा, एखाद्याने उड्या मारणे, गोड बोलणे आणि बाजारात भाव करणे ही प्रमुख कौशल्ये घेतली. तो उड्या मारीत, गप्पा मारीत भराभर पातळ्या चढेल. पण तलवार चालवण्यात तो होता तेथेच. जगातील शत्रू मात्र त्याची पातळी पाहून बलवान होतात, त्याची तलवार पाहून नव्हे. म्हणजे पात्र 'मोठे' होत गेले आणि जगाच्या तुलनेत दुबळे होत गेले.

यावर खेळाडूंनी काढलेले उपाय तर पाहण्यासारखे होते. काहीजण कागद-पेन्सिल घेऊन प्रत्येक वाढीचा जमाखर्च मांडत. काहीजण जी कौशल्ये कधीच वापरायची नाहीत तीच 'प्रमुख' म्हणून निवडत, म्हणजे पातळी आपल्या नकळत वाढायला नको. आणि सर्वांत सोपी युक्ती म्हणजे झोपायचेच नाही! बिछान्यावर आडवे झाले नाही की पातळी एकच राहते, कौशल्ये वाढत जातात आणि शत्रू दुबळेच राहतात. आमच्या चौघांचा वीर असाच कित्येक आठवडे जागा होता. ज्या खेळात वाढणे टाळणारा शहाणा ठरतो त्या खेळाच्या मोजपट्टीत काहीतरी बिघडले आहे, हे समजायला एम.एस्सी. लागत नाही. जगभरच्या हौशी खेळाडूंनाही ते समजले. 'ऑस्क्युरोज ऑब्लिव्हियन ओव्हरहॉल' नावाची एक फेररचना तर याच कारणाने लोकप्रिय झाली. तिच्यात बहुतेक शत्रूंना व ठिकाणांना कायमची पातळी ठरवून दिलेली आहे.

हे सर्व तुम्हाला घरी दोन फाशांनी पडताळता येईल. संगणकाची गरज नाही. दोघांनी एकेक फासा टाकायचा. तुम्ही आपल्या फाशात आपली पातळी मिळवायची, प्रतिस्पर्ध्याने त्याची. तुमची बेरीज मोठी असेल तर तुम्ही जिंकलात. बरोबरी झाली तर तो जिंकला. पहिल्या जगात शत्रूची पातळी कायम 3 धरा. तुम्ही पहिल्या पातळीवर असताना 36 पैकी 6 शक्यता तुमच्या बाजूच्या. दुसऱ्या पातळीवर 10, तिसऱ्यावर 15, चौथ्यावर 21, पाचव्यावर 26, आठव्यावर 35 आणि नवव्यावर 36 पैकी 36. सुरुवातीला मार खाल, मध्ये मजा येईल, शेवटी कंटाळा. दुसऱ्या जगात शत्रूची पातळी नेहमी तुमच्याएवढीच धरा. मग तुम्ही पहिल्या पातळीवर असा की शंभराव्या, शक्यता 36 पैकी 15 च. कंटाळा नाही, पण वाढही नाही. शेजारच्या रुळांवर त्याच वेगाने धावणाऱ्या लोकलकडे खिडकीतून पाहिले तर आपण हललोच नाही असे वाटते, तसे हे झाले. वेग आहे, पण तो कळायला स्थिर फलाट दिसावा लागतो.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी चाचणीची प्रश्नपत्रिका वर्गाचा अंदाज घेऊन काढीत असे. तुकडी कच्ची वाटली तर सोपी, तल्लख वाटली तर अवघड. दरवर्षी सरासरी पंचवीसपैकी पंधराच्या आसपास येई आणि मला वाटे, सर्व ठीक चालले आहे. पाच वर्षांनी जुन्या गुणतक्त्यांचा गठ्ठा काढून बसलो. माझे शिकवणे सुधारले की बिघडले, एवढेच पाहायचे होते. काही म्हणता काही कळेना. मोजपट्टीच मी दरवर्षी ताणली किंवा आखडली होती! मीच माझ्या वर्गाचा ऑब्लिव्हियन करून ठेवला होता. ज्या मुलांना त्या पाच वर्षांत मी 'तुम्ही बरे आहात' म्हणून पुढे पाठवले, त्यांतील काहींना पुढच्या वर्षी विद्युतगतिकी झेपली नाही हे मला मागाहून समजले. तेव्हापासून प्रत्येक चाचणीत मी पाच प्रश्न जसेच्या तसे ठेवतो, आकडेही न बदलता. बाकीचे प्रश्न तुकडी पाहून काढतो. ते पाच प्रश्न म्हणजे माझा फलाट. (मुले ते वरच्या वर्गाकडून मिळवतात, हे मला ठाऊक आहे. मिळवून का होईना, करतात ना! तरी दर तीन वर्षांनी दोन बदलतो.)

मग शत्रू आपल्या तोडीचा असणे मुळातच वाईट काय? तसेही नाही. बुद्धिबळाचे उदाहरण घ्या. बुद्धिबळपटूंचे गुणांकन ज्या पद्धतीने होते ती आर्पाद एलो यांनी घडवली. हे गृहस्थ अमेरिकेतील मिलवॉकी येथे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, हे सांगताना मला अर्थातच थोडा अभिमान वाटतो. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने ही पद्धत 1970 साली स्वीकारली. तिचा गाभा आपल्या फाशांच्या खेळासारखाच आहे: जिंकण्याची शक्यता दोघांच्या गुणांकनांतील फरकावर ठरते. फरक शून्य असेल तर निम्मी, 200 असेल तर सुमारे 76 टक्के, 400 असेल तर सुमारे 91 टक्के. चांगला खेळाडू वर्षभर बहुधा आपल्या तोडीच्यांशीच खेळतो आणि निम्म्याच्या आसपास गुण मिळवतो. नुसता हा हिशेब पाहिला तर तो ऑब्लिव्हियनच्या जगात आहे असे वाटेल. पण समोरच्याचे गुणांकन 1500 होते की 2100, हे सर्वांना माहीत असते. म्हणून तीच निम्मी यशस्विता एकाला 1500 वर ठेवते आणि दुसऱ्याला 2100 वर. प्रतिस्पर्धी बदलला तरी नोंद राहते. ऑब्लिव्हियनने शत्रू बदलले आणि ते खेळाडूला सांगितले नाही. माझी तक्रार त्या न सांगण्याबद्दल आहे.

त्याच कंपनीने 2011 साली स्कायरिम काढला तेव्हा ही चूक बरीच दुरुस्त केली. बहुतेक गुहांना किमान आणि कमाल पातळी नेमून दिली, आणि खेळाडू प्रथम आत शिरतो तेव्हाची पातळी त्या गुहेला चिकटते. आज जमले नाही तर परत जा, शिका, पुन्हा या. गुहा तुमची वाट पाहील, तुमच्याबरोबर वाढणार नाही. 2022 सालच्या एल्डन रिंग या जपानी खेळात तर काठिण्य निवडण्याची सोयच नाही. सुरुवातीलाच मैदानात एक चिलखती घोडेस्वार हिंडत असतो, तो नवशिक्याला दोन फटक्यांत लोळवतो. त्याला वळसा घालून जायचे आणि बळ आले की परतायचे. पुष्कळांना हे फार आवडते. मलाही आवडते, पण माझ्या दोन्ही हातांची बोटे धड आहेत.

आणि येथे आपण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी येतो. स्कायरिममध्ये पात्राच्या पातळीखेरीज आणखी एक खुंटी आहे. ती खेळाडूच्या हाती असते, केव्हाही पिळता येते. नॉव्हिसवर तुमचा घाव दुप्पट लागतो आणि शत्रूचा निम्मा. मधल्या अ‍ॅडेप्टवर दोन्ही जसेच्या तसे. 2013 साली जोडलेल्या लेजेंडरी या सर्वोच्च पायरीवर तुमचा घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. समजा, शत्रूची प्राणशक्ती 300 आहे, तुमच्या तलवारीचा घाव 15 चा. अ‍ॅडेप्टवर वीस घाव घालावे लागतील, नॉव्हिसवर दहा, लेजेंडरीवर ऐंशी. त्याच वेळी शत्रूचा एकेक घाव लेजेंडरीवर तिप्पट बसतो. चार गुणिले तीन, म्हणजे अ‍ॅडेप्टच्या मानाने पारडे बारा पटींनी झुकले. नॉव्हिसच्या मानाने अठ्ठेचाळीस पटींनी!

पण शत्रू त्यामुळे शहाणा झाला का? नाही. तो तसाच धावून येतो, तशीच ढाल धरतो, त्याच खांबाला अडखळतो. वाढले ते फक्त गुणक. एखाद्या गणितात g ची किंमत 10 ऐवजी 9.81 दिली आणि कॅल्क्युलेटर काढून घेतला, तर गणित वेळखाऊ होते; त्यातले भौतिकशास्त्र तेवढेच राहते. अशा प्रश्नाला आम्ही शिक्षक 'अवघड' म्हणतो तेव्हा आमचेच चुकते. अधिक विचार मागणारे काठिण्य वेगळे आणि अधिक घाम मागणारे वेगळे. स्कायरिमची खुंटी मुख्यतः घामाची आहे. ऐंशी वेळा न चुकता घाव घालणे आणि प्रत्येक वेळी क्षणात बाजूला होणे हे बोटांचे काम आहे, आणि त्या मुलाची नेमकी दोन बोटे चालत नाहीत.

परीक्षेत त्याला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, कारण आपल्याला त्याचे भौतिकशास्त्र मोजायचे असते, हस्ताक्षराचा वेग नाही. खेळात त्याला काय हवे होते? कथा, कोडी, नकाशातील वाटा, कोणाशी मैत्री करायची नि कोणाशी नाही याचे निर्णय. ते सर्व त्याने केले. खुंटी फिरवून त्याने बोटांचा भाग बाजूला केला, आणि कोणती पायरी घेतली हे लपवले नाही. मित्रांना ते कळले, कारण त्यानेच सांगितले होते. म्हणून माझे मत असे की जी खुंटी खेळाडूच्या हाती आहे आणि जिच्यावर आकडा लिहिलेला आहे, ती प्रामाणिक आहे. आमच्या वसतिगृहातील न झोपणारा वीर त्याच्याहून किती तरी अधिक लबाड होता, आणि आम्हाला कोणी 'धरायचे नाही' म्हणाले नाही, कारण मुखपृष्ठावर सर्वांची काठिण्यपातळी एकच दिसत होती.

त्याच्या मित्रांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. दोघांची तुलना करायची असेल, शर्यत लावायची असेल, तर पायरी एकच हवी. शंभर मीटर धावणाऱ्याने ऐंशी मीटर धावणाऱ्याशी वेळ ताडून पाहू नये. अशा शर्यतीत त्याने नॉव्हिसवरचा विक्रम लेजेंडरीवाल्यांपुढे ठेवला असता तर मी त्यालाच टोकले असते. पण कोणी शर्यत लावली होती? घरात एकट्याने पूर्ण केलेल्या कथेला बाहेरच्यांनी पंच का व्हावे, हे मला समजत नाही. आणि ज्यांनी पंच व्हायचे ठरवले त्यांनी निदान गुणक तरी पाहावेत. त्या चौघांपैकी लेजेंडरीवर कोण खेळतो, असे मी पुढच्या आठवड्यात विचारले. कोणीच नाही. सगळे अ‍ॅडेप्टवर! म्हणजे अठ्ठेचाळीस पटींच्या त्या शिडीवर ते त्याच्यापेक्षा चारच पटींनी वर होते, आणि उरलेल्या बारा पटी त्यांच्या डोक्यावर होत्या. हे फळ्यावर मांडून दाखवल्यावर थोडा वेळ शांतता पसरली.

दिवाळीच्या सुटीनंतर तो मुलगा पुन्हा भेटला. धनुर्धराचे पात्र घेऊन त्याने खेळ नव्याने सुरू केला आहे. लांबून बाण मारायला वेळ मिळतो, अंतर आणि बाणाची खाली येणारी वाट यांचा अंदाज बांधावा लागतो, घाईने बटणे दाबावी लागत नाहीत. आता तो अ‍ॅप्रेंटिसवर आहे, म्हणजे त्याचा घाव दीडपट आणि शत्रूचा पाऊणपट. "सर, दीड भागिले पाऊण म्हणजे दोन," तो म्हणाला, "आधी चार होतं." मग त्याने विचारले की खेळातला बाण खरोखर अन्वस्तावरून जातो की खेळ करणाऱ्यांनी तिथेही काही गुणक लावला आहे. पडद्याचे चित्रण करून एकेका चौकटीत बाणाची उंची मोजायची, असे आम्ही ठरवले आहे. आलेख कागद त्याने नेले आहेत.